नाट्यशिक्षणाची शिष्यवृत्ती: गोव्यातल्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

गोव्यात नाटक करणारी मुलं कमी नाहीत. जत्रेचं नाटक, कालोत्सव, शाळेची एकांकिका, कला अकादमीची स्पर्धा, यातून वीस वर्षांच्या मुलाकडे इतका अनुभव जमतो की मोठ्या शहरातल्या मुलाला हेवा वाटावा. तरीही शिष्यवृत्तीच्या यादीत ही मुलं मागे राहतात, कारण केलेलं काम कागदावर नसतं. त्यामुळे खालच्या उत्तरांत अभिनयाइतकीच जागा कागदांना दिली आहे.

नाटक शिकायला पैसे मिळतात ते नेमके कुठून?

वाटा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीची अट वेगळी. अर्ज करण्याआधी आपली वाट ओळखा.

पहिली वाट गुणांची. बारावीत आपल्या बोर्डाच्या ८० पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे साधारण वरच्या वीस टक्के मुलांत असाल, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि नियमित पदवीला प्रवेश घेतला असेल, तर केंद्र सरकारची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती आहे. पदवीला वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तर वर्गाला २०,००० रुपये. नाटक हा विषय असला म्हणून कोणी अडवत नाही, फक्त अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेतला नियमित पदवीचा हवा. पदविकेला ती मिळत नाही. नवा अर्ज पहिल्या वर्षीच करता येतो. दुसऱ्या वर्षी जाग आली तर उपयोग नाही.

दुसरी वाट कलेची. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटाला आहे. महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. त्यात नाटक येतं: अभिनय, दिग्दर्शन आणि इतर अंगं. नाट्यलेखन आणि संशोधन मात्र येत नाही. इथे बारावीचे गुण कोणी विचारत नाही, तुमचं काम बघतात.

तिसरी वाट संस्थेची. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, म्हणजे एनएसडीत, तीन वर्षांच्या पदविकेला निवड झाली की प्रत्येक विद्यार्थ्याला दरमहा शिष्यवृत्ती असते. तिथे प्रवेश मिळवणं हीच खरी परीक्षा.

चौथी वाट सामाजिक आणि आर्थिक निकषांची. ओबीसी, अनुसूचित जाती-जमातींसाठी दहावीनंतरच्या शिष्यवृत्त्या आहेत, अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी राज्याची गगन भरारी शिक्षा योजना आहे, आणि पर्वरीच्या उच्च शिक्षण संचालनालयाची बर्सरी, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना आर्थिक मदत, आहे. नाटकाची मुलं इथे अर्जच करत नाहीत. ‘ते इंजिनिअरिंगवाल्यांसाठी’ असा समज आहे, आणि तो चुकीचा आहे. कला अकादमीचं नाट्यमहाविद्यालय गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे. पदवी ती पदवीच.

जत्रेतली नाटकं अनुभव म्हणून धरतात का?

धरतात, पुरावा असेल तर. एनएसडीला किमान सहा नाटकांतला सहभाग दाखवावा लागतो. गावात दहा वर्षं काम केलेल्या मुलाला हा आकडा काहीच नाही. पण देवळाच्या प्रांगणातल्या नाटकाला तिकीट नसतं, पत्रिकेवर ‘ग्रामस्थांचे नाटक’ एवढंच छापतात, आणि कलाकारांची नावं माइकवरून सांगितली जातात. दुसऱ्या दिवशी हवेत विरलेलं असतं सगळं.

म्हणून आजपासून हे सुरू करा. नाटकाच्या आठवड्यातच देवस्थान समितीच्या किंवा नाट्यमंडळाच्या लेटरहेडवर पत्र घ्या. वर्षभराने मागायला गेलात तर समिती बदललेली असते आणि नवे अध्यक्ष ‘आमच्या वेळचं नाही’ म्हणतात. पत्रात नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, तारीख, जागा, तुमची भूमिका किंवा जबाबदारी आणि सही-शिक्का एवढं आलं पाहिजे. ‘यांनी आमच्या नाटकात उत्तम काम केले, त्यांना शुभेच्छा’ हे पत्र प्रेमाचं आहे, पुराव्याचं नाही. त्याऐवजी मजकूर असा ठेवा: ‘कु. अमुक यांनी दिनांक अमुक रोजी श्री अमुक देवस्थानच्या प्रांगणात आमच्या मंडळाने सादर केलेल्या अमुक या तीन अंकी नाटकात अमुक ही भूमिका केली.’

सोबत पत्रिका, वर्तमानपत्रातलं कात्रण असल्यास ते, आणि दोन फोटो: एक तुमचा चेहरा ओळखू येईल असा, एक पूर्ण रंगमंच दिसेल असा. कात्रणावर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. मजकूर तेवढा कापून वहीत चिकटवलेला तुकडा कुठला, कधीचा, हे कोणालाच कळत नाही.

एकाच नाटकाचे पाच प्रयोग म्हणजे पाच नाटकं नव्हेत. यादीत नाटक एकदाच लिहा, पुढे प्रयोगांची संख्या द्या. संख्या फुगवली की मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते.

कला अकादमीच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र जास्त वजनदार का?

कारण ती दर वर्षी ठरलेल्या नियमांनी होते आणि परीक्षक बाहेरचे असतात. तुमच्या मंडळाचा प्रवेश ‘अ’ गटात असो वा ‘ब’ गटात, सहभागाचं प्रमाणपत्र मागून घ्या. बक्षीस मिळालं नाही म्हणून पुष्कळजण ते घ्यायला जात नाहीत. विद्यापीठाच्या युवा महोत्सवातली एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय यांचंही तेच.

‘पाच वर्षांचं प्रशिक्षण’ कसं दाखवायचं? आमच्याकडे गुरू असा कोणी नसतो.

तरुण कलाकारांच्या शिष्यवृत्तीला गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षांचं प्रशिक्षण लागतं आणि आताच्या व आधीच्या गुरूंची सही असलेलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. गोव्यात नाटक शिकवतात ते तालीममास्तर, गावचे ज्येष्ठ दिग्दर्शक किंवा शाळेतले नाट्यशिक्षक. तेही गुरूच. अडचण येते ती वर्षांच्या जुळणीत. एका गुरूने ‘२०१९ ते २०२२’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘२०२३ पासून’, तर मधले महिने गेले कुठे? दोन्ही पत्रं समोरासमोर ठेवून महिन्यांसकट जुळवा. काय शिकवलं तेही लिहायला सांगा: वाचिक (संवाद), आंगिक (देहाचा अभिनय), नाट्यगीत, रंगभूषा, प्रकाश. ‘नाटक शिकवले’ एवढ्याने समितीला काही बोध होत नाही.

मराठी पत्रांचा हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद सोबत लावा आणि प्रत्येक पानावर स्वतःची सही करा. दिल्लीतल्या कारकुनाला मोडी काय नि मराठी काय, सारखंच.

सरकारी कागद कोणते आणि ते कुठे अडतात?

उत्पन्नाचा दाखला आणि पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मामलेदार कचेरीतून. जातीचा दाखला लागत असेल तर तो आधीच काढून ठेवा. प्रवेशाच्या दिवसांत कचेरीत सगळ्या तालुक्याची गर्दी असते, त्यामुळे बारावीची परीक्षा संपली की लगेच मागे लागा. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा चालत नाही, हे पालकांना सांगून ठेवा.

गोव्यात सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावावरून. जन्मनोंदीत पोर्तुगीज वळणाचं आडनाव, शाळेत दुसरं, आधारवर तिसरं. एकाच घरात प्रभू आणि पोरोब, किंवा गावकर या एकाच आडनावाची तीन वेगळी रोमन स्पेलिंगं. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल नाव आधारवरून उचलतं आणि ते गुणपत्रिकेशी जुळलं नाही की महाविद्यालयाचा पडताळणी अधिकारी अर्ज परत पाठवतो. किरकोळ फरकाला प्रतिज्ञापत्र बहुतेक वेळा पुरतं. आडनावच बदललेलं असेल तर गोव्यात नाव-आडनाव बदलासाठी वेगळा कायदा आहे, त्याप्रमाणे बदल नोंदवून घ्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. हे काम अकरावीतच करायचं.

पोर्टलवर ‘त्रुटी’ म्हणून परत आलेला अर्ज म्हणजे नाकारलेला अर्ज नव्हे. दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवला तर तो चालतो. फक्त तो परत आलाय हे बघायला आठवड्यातून एकदा तरी लॉगिन करा.

ऑडिशनला काय करू?

दोन स्वगतं तयार ठेवा, एकमेकांपासून शक्य तितकी दूर. एक भाषेच्या भरदार वळणाचं असेल तर दुसरं आजच्या साध्या बोलण्याचं. एकात पात्र काहीतरी लपवत असेल तर दुसऱ्यात मागत असेल. दोन्ही रडण्याची असली की परीक्षकाला तुमची अर्धीच बाजू दिसते.

प्रत्येकी दोन ते तीन मिनिटं. मराठीत नाटकाच्या लयीत मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द जातात, म्हणजे दोन मिनिटांचा तुकडा २०० ते २४० शब्दांचा. मोजून कापा. लांब स्वगत घेऊन ‘थांबा’ म्हटलं जाईपर्यंत बोलत राहिलात तर तुमचा उत्कर्षबिंदू कोणी ऐकतच नाही. स्वगत संपूर्ण नाटक वाचूनच निवडा. ‘याच्या आधीच्या प्रवेशात काय झालं?’ हा प्रश्न हमखास येतो.

आता गोव्याच्या मुलांसाठी खास. आपला आवाज आणि देह प्रांगणात घडलेला असतो. समोर हजारभर माणसं, मागे फेरीची, म्हणजे जत्रेतल्या दुकानांची, गडबड, पुढे टांगलेले माइक. तिथे संवाद समोर फेकावाच लागतो, हात खांद्याच्या वर जातो, आणि टाळीसाठी थांबण्याची सवय लागते. ऑडिशनची खोली मात्र वर्गाएवढी असते आणि परीक्षक दहा-बारा फुटांवर बसलेले. तोच आवाज तिथे कानठळ्या बसवतो आणि वाक्याच्या शेवटी घेतलेला टाळीचा विराम रिकामा पडतो. उपाय एकच: शेवटचे पंधरा दिवस घरातल्या खोलीत, एका माणसाला खुर्चीवर बसवून सराव करा. आवाज अर्धा करा, पण शब्दाचं शेवटचं अक्षर गिळू नका. आवाज कमी केला की पहिला बळी त्याचाच जातो. हात मोकळे सोडून एकदा संपूर्ण स्वगत म्हणा. ज्या जागी हात आपोआप उठतो तेवढीच हालचाल ठेवा, बाकी टाका. ताकद आहेच, ती कमी जागेत वापरता येते हे दाखवायचं आहे.

परीक्षक मधेच सांगतात, ‘हेच आता झोपलेल्या बाळाशेजारी बसून बोला’ किंवा ‘हसत बोला’. तिथे पाठ केलेल्या चढउतारांवर अवलंबून असलेली मुलं अडखळतात. म्हणून स्वगत एकाच चालीत पाठ करू नका. भांडी घासताना, बसमध्ये मनातल्या मनात, चालताना, वेगवेगळ्या गतीने म्हणून बघा.

कपडे साधे, अंगाला बसणारे, गडद रंगाचे. रंगभूषा नको. तलवार, काठी, पत्र असलं सामान आणू नका. लागलंच तर खोलीतली खुर्ची पुरते.

गाणं आलंच पाहिजे का?

गायक असण्याची सक्ती नसते, पण सूर-तालाची जाण बघतात. आपल्याकडे संगीत नाटकाची परंपरा जिवंत आहे, तेव्हा एखादं नाट्यगीत किंवा लोकगीत तयार असावं. ऑर्गन आणि तबल्याच्या आधाराने गाणारी मुलं साथीशिवाय गडबडतात: उत्साहात पट्टी एक-दोन सूर वर धरतात आणि अंतऱ्यात तार सप्तकावर आवाज फाटतो. आपली पट्टी माहीत करून घ्या, पेटीची काळी एक असो की पांढरी चार. फोनवरच्या तानपुऱ्यावर षड्ज ऐका, फोन बंद करा आणि मग गा. धालो-फुगडीचं, जागरातलं किंवा रणमाल्यातलं, असं गोव्याच्या लोककलेतलं गीत निवडलंत तर ते कधी, कोण, कशासाठी गातं हे सांगता आलं पाहिजे.

मी अभिनय करत नाही, नेपथ्य आणि प्रकाश बघतो. मला संधी आहे का?

आहे, आणि स्पर्धाही कमी. मात्र ‘मी लाइट केले’ असं तोंडी सांगून चालत नाही. केलेल्या एका नाटकाचा पूर्ण संच न्या: रंगमंचाचा वरून दिसणारा आराखडा १:५० प्रमाणात, म्हणजे खरा एक मीटर कागदावर दोन सेंटिमीटर, दिवे कुठे टांगले त्याचा नकाशा, क्यू-शीट (कुठला दिवा कधी बदलतो याची यादी), आणि प्रयोगाचे फोटो. आराखड्यावर प्रमाण, दिशा आणि प्रेक्षक कुठल्या बाजूला हे लिहा. क्यू-शीटवर कुठल्या शब्दावर दिवा बदलतो तो शब्दच लिहा. ‘दुःखी प्रसंगी निळा’ हे क्यू-शीट नव्हे. फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात किंवा जवळच्या रवींद्र भवनात प्रयोग झाला असेल तर तिथल्या रंगमंचाची मापं स्वतः टेपने घ्या. देवळाच्या मंडपात उभारलेल्या तात्पुरत्या रंगमंचाचा आराखडा तर नक्कीच दाखवा. कमी उंचीत, चार पडद्यांत आणि मोजक्या दिव्यांत तीन अंक कसे बसवले हे बघायला जाणकारांना आवडतं.

मुलाखत कुठल्या भाषेत?

एनएसडीला हिंदी आणि इंग्रजीचं कामचलाऊ ज्ञान लागतं. कामचलाऊ म्हणजे समजणं आणि सांगता येणं, वक्तृत्व नव्हे. कोकणी-मराठी वळणाच्या हिंदीची लाज बाळगू नका. पण रोज अर्धा तास हिंदी नाटक मोठ्याने वाचा, कारण वाचिकाचे तुकडे तिथे हिंदीत मिळतात.

मंजुरी आली, पैसे का येत नाहीत?

दहापैकी बहुतेक वेळा कारण बँकेत असतं. थेट लाभाचे पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातीलच असं नाही. आधार जोडणीच्या यादीत शेवटी ज्या बँकेची नोंद झाली असेल तिथे जातात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती बघा: बँकेचं नाव दिसेल. गावच्या पतसंस्थेतलं खातं याला चालत नाही. शाळेत असताना उघडलेलं लहान बचत खातं असेल तर त्यात ५०,००० रुपयांहून जास्त शिल्लक ठेवता येत नाही, म्हणून मोठा हप्ता अडू शकतो. केवायसी पूर्ण करून ते साध्या खात्यात बदलून घ्या.

हप्त्यांची चालही समजून घ्या. तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती महिना ५,००० म्हणतात, पण येते सहा महिन्यांची एकदम: ३०,००० चे चार हप्ते, एकूण १,२०,०००. उशीरही होतो. पहिले काही महिने खोलीभाडं, खाणावळ आणि कदंब बसचा पास घरच्या पैशांतून जाईल असं धरूनच चाला.

मिळालेली शिष्यवृत्ती जाते कशामुळे?

नूतनीकरणाचा अर्ज न केल्यामुळे, हे पहिलं कारण. पोर्टलवरची शिष्यवृत्ती आपोआप पुढे चालू राहत नाही. दर वर्षी मुदतीत अर्ज, महाविद्यालयाची पडताळणी, मग वरची पडताळणी. तालमीच्या धुंदीत मुदत टळली की वर्ष गेलं.

दुसरं कारण गुण आणि हजेरी. केंद्राच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीला वर्षाला किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. नाटकाची मुलं प्रात्यक्षिकात ऐंशी घेतात आणि नाट्यशास्त्राच्या इतिहासात पस्तीसवर येतात. सरासरी घसरते ती लेखी पेपरांत. सेमिस्टरच्या पहिल्या महिन्यातच लेखी विषयांची टिपणं काढा, कारण शेवटचा महिना निर्मितीच्या तालमींत जाणार हे ठरलेलं असतं.

हजेरीचं गणित गोव्यात वेगळंच कठीण आहे. कार्तिकापासून शिगम्यापर्यंत जत्रा. पालखी झाल्यावर नाटक उभं राहतं, संपायला पहाट होते, आणि सकाळी नऊला वर्ग. ६० तासांच्या पेपरात ७५ टक्के म्हणजे ४५ तास, चुकवायला फक्त १५. आठवड्यातले दोन दिवस दोन-दोन तासांचे वर्ग बुडाले तर चार आठवड्यांत १६ तास गेले. नाटक सोडा असं आम्ही सांगणार नाही. जत्रेचं नाटक हीच तुमची मूळ शाळा आहे. पण हंगामाच्या सुरुवातीला सगळ्या तारखा आणि वेळापत्रक समोर ठेवा, प्रत्येक पेपरात किती तास शिल्लक आहेत ते लिहा, आणि त्याप्रमाणे गावांना होकार द्या. मोठी भूमिका घेतलीत तर शनिवारी येणाऱ्या जत्रेची घ्या. विद्यापीठाच्या महोत्सवासाठी किंवा महाविद्यालयाच्या वतीने जात असाल तर जाण्याआधी प्राचार्यांचं कर्तव्यरजेचं पत्र घ्या. परत आल्यावर मागितलेलं पत्र मिळेलच असं नाही.

कलेच्या शिष्यवृत्तीला हजेरीपत्रक नसतं, पण रोज किमान तीन तास सराव आणि प्रगतीचा अहवाल अपेक्षित असतो. सरावाची वही ठेवा: तारीख, वेळ, काय केलं, काय जमलं नाही, गुरूंची पाक्षिक सही. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेला अहवाल सगळ्यांचा सारखाच दिसतो, वहीवरून लिहिलेला वेगळा उठून दिसतो.

एकाच वेळी दोन शिष्यवृत्त्या चालतील?

सहसा नाही. केंद्राच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीत तर दुसरी कुठलीही शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेत असाल तर अपात्र ठरता, राज्याचीसुद्धा. लपवलंत आणि आधारवरून सापडलं तर पैसे परत करावे लागतात. दोन्हींची एकूण रक्कम मांडा आणि जास्त वर्षं टिकणारी ठेवा. स्पर्धेतलं रोख पारितोषिक म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे.

मानधन घेऊन नाटकात काम केलं तर?

मंजुरीपत्रातली अट वाचा. पूर्णवेळ शिक्षणाची अट असेल तर नोकरी चालत नाही, एखाद्या रात्रीच्या मानधनाबद्दल लेखी विचारून घ्या आणि उत्तर जपून ठेवा.

आवाज बसला किंवा पाय मुरगळला आणि महिना बुडाला तर?

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, कान-नाक-घसा विभागाचा केसपेपर तारखेसकट असला की हजेरीच्या सवलतीचा अर्ज उभा राहतो. बरं झाल्यावर आणलेल्या दाखल्याकडे संशयानेच बघतात. घसा बसलेला असताना कुजबुजत तालीम करू नका, कुजबुजण्याने स्वरतंतूंवर ताण वाढतो. मौन पाळा आणि तालमीला नुसते बसा, हजेरी लागते.

मुलगी अजून शाळेत आहे. आत्ता काही करता येईल?

सीसीआरटी या संस्कृती मंत्रालयाच्या संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती १० ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. पारंपरिक नाट्यप्रकार त्यात येतात आणि प्रगती ठीक असेल तर पदवीपर्यंत ती पुढे चालू राहू शकते. घराण्यात परंपरेने कला चालत आलेल्या मुलांसाठी काही जागा वेगळ्या असतात. पेडणे-सत्तरीकडच्या दशावतारी आणि जागराच्या घरांनी याकडे लक्ष द्यावं.

पदवीनंतर काय?

एम.ए. कुठेही करा, पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी, बडोदा. पदव्युत्तर शिक्षणासाठी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे: महिना १५,०००, वर्षाला दहा महिने, दोन वर्षं. ती पदवीच्या गुणांवर मिळते, तेव्हा वर सांगितलेल्या लेखी पेपरांचा हिशेब इथे पुन्हा लागतो. त्यापुढे नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत नृत्य-नाट्य हा स्वतंत्र विषय आहे. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची अधिछात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि मूल्यमापनानंतर ४२,००० रुपये. २५ ते ४० वयात संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती महिना १०,००० ची आहे, तिला शिस्तबद्ध प्रकल्प-आराखडा लागतो.

या वर्षी नाही मिळाली तर?

नकाराचं कारण बघा. कागद कमी पडले असतील तर ते काम या आठवड्यात सुरू करा. निवड झाली नसेल तर पुढच्या वर्षीच्या यादीत दोन नवी नाटकं आणि एक कार्यशाळा भरा, तेच अर्जपत्र पुन्हा पाठवू नका. मधल्या काळात फी अडली असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आहे. पाटोच्या संस्कृती भवनात कला व संस्कृती संचालनालयात जाऊन त्या वर्षी कलाकारांसाठी कुठल्या योजना खुल्या आहेत ते विचारा. जाताना नाटकांची यादी आणि पत्रांच्या प्रती असलेली फाइल सोबत न्या, म्हणजे कोणत्या योजनेत बसता ते तिथल्या तिथे कळेल.